कार्डाची मागची बाजू

चेंडू म्हशीच्या खुरात बसला होता.

म्हणजे खुराच्या खळग्यात. पावसाळ्यात चिखलात रुतलेला पाय डिसेंबरपर्यंत वाळून टणक झाला होता, आणि त्या चार बोटं खोल खड्ड्याच्या तळाशी माझा पांढरा चेंडू निवांत पडला होता. मी जनावरांचा डॉक्टर. ठसा बघून जनावर ओळखायची खोड जात नाही. पुढचा उजवा पाय, म्हैस, अंगाने जड, बहुतेक गाभण, इतकं सगळं मनाने आधी टिपून घेतलं आणि मगच मी चेंडूकडे नीट बघितलं. तिथून चेंडू मारायला गेलो असतो तर ढेकळं उडाली असती आणि चेंडू जागेवरच राहिला असता.

१९८९ साल. हिवरे कॅम्पच्या आमच्या गोल्फ क्लबाच्या वार्षिक स्पर्धेचा अंतिम सामना. सतरा होल खेळून झाली होती, दोघांची बरोबरी होती आणि हे शेवटचं, अठरावं. जो हे होल कमी फटक्यांत पुरं करेल, कप त्याचा.

गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिरवळ येते. आमच्याकडे ती नव्हती. गोऱ्या पलटणीने जाताना मागे टाकलेला माळ, त्यावर नऊ होल, तीच दोनदा खेळायची. झेंड्याभोवतीची गोल जागा तेल मिसळलेल्या वाळूची. तिला आम्ही ब्राउन म्हणायचो. सामान वाहायला कोणी नाही, आपली पिशवी आपल्या खांद्यावर. हिवऱ्याच्या गुरांना त्या माळावर चरायचा हक्क क्लबाच्या आधीपासूनचा, त्यामुळे समोरची गाय बाजूला होईपर्यंत फटका थांबवायचा. सभासद बावीस. त्यांतल्या निम्म्यांच्या कुत्र्यांना मी सुया टोचलेल्या, आणि माळावरच्या झाडून सगळ्या गुरांना.

क्लबात एक सागवानी फळा होता. १९२६ पासूनच्या विजेत्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत रंगवलेली. उपविजेत्याला फळ्यावर जागा नव्हती, आणि माझ्यासमोर खेळणारे रणदिवे साहेब चार वेळा उपविजेते होते. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, एकाहत्तर वर्षांचे, काटक. त्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या आणि महिनाअखेरीला ते कायमचे मुलीकडे जबलपूरला जाणार होते. हा खेळ मला त्यांनीच शिकवला. चौदा वर्षं दर रविवारी आम्ही बरोबर खेळलो. जाताना तरी त्यांचं नाव फळ्यावर लागावं असं साऱ्या क्लबाला वाटत होतं. मलाही वाटत होतं. पण माझंही लागावं असंही वाटत होतं. एकाच पोटात या दोन्ही गोष्टी मावतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

मी मान वर केली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बाभळींच्या पलीकडे साठेक पावलांवर रणदिवे आपल्या चेंडूशी उभे होते. हातात गुण लिहायचं कार्ड होतं, आणि चष्मा काढून ते रुमालाने पुसत होते. चष्मा काढलेल्या माणसाला एवढ्या लांबचं काय दिसणार? मी बुटाच्या टोकाने चेंडू खळग्यातून बाहेर ढकलला. वीतभर सरकला असेल. होलच्या जवळही नाही, बाजूला. तिथे वाळकं गवत होतं आणि चेंडू त्यावर असा बसला की जणू हाताने ठेवला आहे.

मग मी पिशवीतून पाच नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाची काठी, काढली आणि आयुष्यातला सर्वात सुंदर फटका मारला. हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण फटका सुंदर होता.

मी चारात संपवलं. रणदिव्यांनीही चारात संपवायला हवं होतं; त्यांचा शेवटचा फटका जेमतेम तीन फुटांचा होता. वाळूवरून चेंडू गेला, होलच्या कडेला चाटून पुढे निघाला. ते दोन क्षण तसेच वाकून उभे राहिले. मग सरळ झाले आणि हात पुढे केला.

"अभिनंदन, डॉक्टर. छान मारलात तो फटका. त्या जागेवरून."

"नशीब," मी म्हणालो.

क्लबात चहा झाला, भजी झाली, टाळ्या झाल्या. आमच्या सेक्रेटरी मिसेस वर्टी, कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई, त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि गफूर पेंटरला शुक्रवारी बोलावते म्हणाल्या. मी भजं तसंच बशीत ठेवलं.

आता वीतभर सरकलेल्या चेंडूचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. त्यांना कारखानीस वकील माहीत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी कारखानिसांनी एका होलला सहा फटके मारून पाच लिहिले आणि ते सापडले. त्यांना कोणी काढलं नाही, कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त पुढच्या रविवारी पहिल्या होलपाशी ते येऊन उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर खेळायला कोणाला वेळ नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हता. तिसऱ्या रविवारी ते आलेच नाहीत. कॅम्पातल्या बाजारात मला दिसले की मी घड्याळात बघून चालू लागायचो. म्हणजे त्या बिनवेळेच्या माणसांत मीही होतो.

सोमवार ते गुरुवार मी कामं केली. कुठे कोंबड्यांना लस, कुठे अडलेली गाय. कप फ्रिजवर ठेवला होता. येताजाता दिसायचा. बुधवारी तो कपाटात ठेवला, तर आमची शैला, माझी बायको, तिने पुसून पुन्हा फ्रिजवर आणून ठेवला.

गुरुवारी जेवताना तिने ताटाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"अहो, काय होतंय तुम्हाला? चार दिवस अर्धी पोळी खाताय."

"काही नाही."

"म्हशीने लाथ घातली का कुठे?"

"एका अर्थी," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. खूर, बूट, वीतभर, रणदिव्यांचा चष्मा.

शैलाला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे कप त्यांचा आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि ते महिनाअखेरीला चाललेत."

"हो."

"मग सांगून टाका."

"अगं, लोक तोंड बघायचे नाहीत माझं. कारखानिसांचं काय झालं आठवतंय ना?"

"लोक आहेत किती तुमच्या क्लबात? बावीस. त्यांनी नाही बघितलं तर मी बघते. असं उतरलेलं तोंड मात्र मला रोज बघवत नाही." तिने वाटीत आमटी वाढली. "आणि पेंटर कधी यायचाय म्हणालात?"

"उद्या."

"मग उद्या सकाळीच जा. एकदा रंग वाळला की तुम्ही काही बोलणार नाही. मी ओळखते तुम्हाला."

शुक्रवारी दहा वाजता मी क्लबाच्या व्हरांड्यात पोचलो. फळा भिंतीवरून उतरवून दोन स्टुलांवर आडवा ठेवला होता. गफूर पेंटर त्यावर वाकलेला. खडूच्या दोन रेघा मारून झाल्या होत्या, १९८९ लिहून झालं होतं आणि 'डॉ. मु' इतकं रंगवून झालं होतं. माझं नाव मुकुंद ठोसर.

"या डॉक्टरसाहेब," गफूर म्हणाला. "आडनाव पुरं लिहू, की नुसतं पहिलं अक्षर?"

"थांब जरा," मी म्हणालो.

टेबलापाशी मिसेस वर्टी शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या आणि वेताच्या खुर्चीत रणदिवे. समोर चहाचा कप आणि त्यांच्या लॉकरची किल्ली. मला तिथे ते नको होते. आधी एकट्या सेक्रेटरीला सांगायचं, असं मी घरून ठरवून निघालो होतो.

"बसा, डॉक्टर," मिसेस वर्टी म्हणाल्या. "साहेबांना जरा समजावा. सोमवारपासून रोज लॉकरची किल्ली परत करायला येतात, चहा घेतात, आणि किल्ली खिशात घालून घरी जातात. मी म्हटलं, जायचं जिवावर आलंय तर जाऊ नका."

रणदिवे हसले नाहीत. माझ्याकडे बघत होते.

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. "बाई, साहेब, मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "रविवारी अठराव्या होलला माझा चेंडू म्हशीच्या खुरात पडला होता. मी तो पायाने बाहेर काढला. वीतभर. कोणाला सांगितलं नाही. तो फटका खोटा आहे. होल साहेबांचं, सामना साहेबांचा आणि फळ्यावर नाव त्यांचं लागायला हवं."

गफूरचा ब्रश वरच थांबला. मिसेस वर्टींनी शब्दकोडं घडी करून बाजूला ठेवलं. शाळेत कॉपी पकडल्यावर त्या असाच कागद घडी करत असणार.

"पायाने?" त्या म्हणाल्या.

"बुटाने."

"डॉक्टर, तुम्ही?"

त्या उठल्या, कपाटातून खेळाच्या नियमांचं जाड पुस्तक काढलं, बराच वेळ पानं उलटली. "चेंडू हलवला, चुकीच्या जागेवरून खेळला. सामन्यात शिक्षा, ते होल गमावलं." पुस्तक मिटलं. "गफूरभाई, रंग पुसायला टर्पेंटाईन आहे ना?"

"आहे बाई. ओलं आहे तोवर निघेल."

त्याने चिंधी बाटलीला लावली. मी फळ्याकडे बघत होतो. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण पाच दिवसांनी पहिल्यांदा मला पुरता श्वास घेता येत होता. आता जे व्हायचं ते होवो.

"गफूर, थांब," रणदिवे म्हणाले. "बाई, त्या पुस्तकाआधी आपलं कार्ड बघायचं असतं."

"कसलं कार्ड?"

"गुण लिहायचं. मागची बाजू."

"मागे काय असतं?"

"आपल्या क्लबाचे नियम."

आठ वर्षं ती कार्डं मिसेस वर्टीच छापून आणत होत्या. त्यांनी खणातून एक कोरं कार्ड काढलं, उलटं केलं आणि त्याच्याकडे असं बघितलं की जणू ते कोणीतरी आत्ता खणात टाकून गेलं आहे. मागे खरंच काहीतरी छापलेलं होतं. मुंगीएवढी अक्षरं, इंग्रजीत, बारा कलमं. चौदा वर्षांत मी त्या बाजूवर पेन चालतंय का ते बघायला रेघोट्या मारल्या होत्या. एकदा त्यावर कृमींच्या औषधाचं प्रमाणही लिहून दिलं होतं.

मिसेस वर्टी वाचता वाचता मराठी करत होत्या. "एक. डोक्यावर टोपी असल्याशिवाय मैदानात उतरू नये. दोन. गुरांना वाट द्यावी. तीन. कावळ्याने चेंडू उचलून नेल्यास, दुसऱ्या खेळाडूने पाहिलं असेल तर, त्याच जागी नवा चेंडू ठेवावा. चार." त्या थांबल्या. चष्मा नाकावर वर ढकलला. "चार. चेंडू गुरांच्या खुराच्या खळग्यात पडल्यास तो दंडाशिवाय बाहेर घ्यावा. एका काठीच्या लांबीच्या आत. होलच्या जवळ नेऊ नये."

बाहेर कुठेतरी एक गाय हंबरली.

"पुन्हा वाचा," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा वाचलं. शब्द तेच होते.

"होलच्या जवळ नेला होतात?" त्यांनी विचारलं.

"नाही. बाजूला."

"पायाने घ्यावा की हाताने, ते लिहिलेलं नाही," मिसेस वर्टींनी कार्ड उजेडात धरलं. "सांगून घ्यावा, असंही नाही. म्हणजे डॉक्टर, तुम्ही काहीच केलेलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी मागचं स्टूल ओढून बसलो. त्यावर गफूरच्या रंगाच्या डबीचं झाकण होतं. त्या पँटला पुढे जन्मभर मागच्या बाजूला सोनेरी गोल राहिला. मला रडू येत होतं की हसू, सांगता येणार नाही. शैलाला फोन करावा असं वाटलं. त्या म्हशीला शोधून हिरवा चारा घालावा असंही वाटलं.

मिसेस वर्टी आता उत्साहात आल्या होत्या. "बघा, किती सुंदर लिहिलंय सगळं. पाच. ब्राउन झाडायचा तर चेंडूपासून होलपर्यंत एकाच रेघेत. सहा. विहिरीच्या पाटापलीकडे गेलेला चेंडू मैदानाबाहेर समजावा. तो तिथून खेळणाऱ्याने..." त्यांचा आवाज बारीक होत गेला.

फळ्यावर १९८६ समोर त्यांचंच नाव होतं. त्या वर्षी पाटापलीकडच्या चिंचेखालून त्यांनी मारलेल्या फटक्याची गोष्ट क्लबात अजून सांगितली जायची. सगळ्यात जास्त त्याच सांगायच्या.

त्यांनी कार्ड हळूच सुलटं केलं आणि खणात टाकलं. "पुढचं वाचायची आज काही गरज नाही," त्या म्हणाल्या. "गफूरभाई, 'कुंद' लिहा."

रणदिवे उठले. किल्ली उचलून खिशात टाकली आणि मला म्हणाले, "चला, जरा पाय मोकळे करू."

आम्ही अठराव्या होलच्या दिशेने चालत निघालो. ऊन छान होतं. मला बोलल्याशिवाय राहवेना. चौदा वर्षांत जेवढं बोललो नसेन तेवढं त्या दोनशे पावलांत बोललो. ते नुसते ऐकत होते.

"साहेब, तुम्हाला तो नियम माहीत होता?"

"जन्मभर रेल्वेत होतो, डॉक्टर. तिकिटाचीसुद्धा मागची बाजू वाचणारा माणूस मी."

"तरी पण ते होल आपण परत खेळू. आत्ता. माझ्या मनाला बरं वाटेल."

"तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी तो तीन फुटांचा फटका दोनदा चुकवू?" ते म्हणाले. "नियमाने तुमचा चेंडू बरोबर होता. माझा चुकला. नाव तुमचंच."

आम्ही बाभळींपाशी आलो. खुराचा खळगा तसाच होता. रणदिवे त्यात बघत उभे राहिले.

"रविवारी मी हाक मारणार होतो तुम्हाला," ते म्हणाले. "इथे खळगे आहेत हे मला ठाऊक होतं. चौथं कलम एकदा कार्डावर बघून घेतलं, चष्मा काढला, म्हटलं ओरडून सांगावं, खुरात असेल तर घ्या बाहेर. तेवढ्यात तुम्ही डावीकडे बघितलंत. मग उजवीकडे."

"तुम्हाला दिसलं?"

"तो वाचायचा चष्मा आहे, डॉक्टर. लांबचं मला उघड्या डोळ्यांनीच दिसतं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "नियम माहीत असलेला माणूस आधी इकडेतिकडे बघत नाही."

मघाशी उतरलेलं ओझं पुन्हा खांद्यावर आल्यासारखं झालं. मिसेस वर्टी म्हणाल्या होत्या, तुम्ही काहीच केलेलं नाही. या माणसाला माहीत होतं मी काय केलं ते.

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"काय बोलणार? चोर म्हणावं तर चोरी झालेली नाही. अभिनंदन करावं तर..." त्यांनी हात हलवला. "अभिनंदन केलंच मी. घरी गेलो आणि मला काही सुचेना. इथे माझं आता आहे कोण? हिवऱ्याचं म्हणून जबलपूरला न्यायचं ते एवढंच, चौदा वर्षांचे रविवार. ते सगळे खरे होते की नव्हते, हेच मला कळेनासं झालं. म्हटलं, डॉक्टर येतील. सोमवारी आलो, तुम्ही नव्हतात. मंगळवारी आलो."

"किल्ली," मी म्हणालो.

"किल्ली कधीही देता आली असती हो. टपालानेही पाठवता आली असती." त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. "काल संध्याकाळी मी बाईंना म्हणालो, उद्या शेवटचा येतो. म्हटलं, रंग लागायच्या आत आले तर आले."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण गोल्फच्या मैदानात तसं कोणी करत नाही. मी म्हणालो, "साहेब, चुकलो मी."

"हो," ते म्हणाले. "चुकलात." आणि मग त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला वाटलं, पाच दिवस श्वास मी एकट्यानेच धरून ठेवला नव्हता. त्यांचा चेहरा सैल झाला. चौदा वर्षं रविवारी सकाळी साडेसहाला दिसायचा तोच चेहरा. "सुटलो बुवा एकदाचा," ते स्वतःशीच म्हणाले.

वाकून त्यांनी मूठभर माती उचलली, खळग्यात टाकली आणि बुटाने दाबली. मीही टाकली. खळगा बुजल्यावर आम्ही परत निघालो.

त्यानंतर ते बारा वर्षं जगले. दर दिवाळीला जबलपूरहून पत्र यायचं आणि शेवटी एकच प्रश्न असायचा, नवव्या कलमात काय आहे, किंवा अकराव्यात. मी न बघता उत्तर लिहायचो. आजही बाराही कलमं मला पाठ आहेत.

व्हरांड्यात आलो तेव्हा माझं नाव पूर्ण झालं होतं आणि गफूर त्यावर फुंकर घालत होता. रणदिव्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मिसेस वर्टींच्या टेबलावर ठेवली.

"घ्या बाई," ते म्हणाले. "आता चहा नको."